वाटाड्या हट्टी

"नकाशा साहेबाचा, पाय आमचे!"

हे वाक्य म्हटल्याशिवाय काका आमच्या कचेरीचा उंबरा ओलांडत नसत. नुसतं म्हणूनही भागत नसे. उंबऱ्यावर उजवी चप्पल दोनदा आपटायची, डावी एकदा, मग तोंडातल्या तोंडात पावलं मोजत माझ्या टेबलापर्यंत यायचं आणि निकाल जाहीर करायचा. "अकरा! काल साडेधा होती. ताई, टेबल सरकवलं काय?"

सरकवलं होतं. पंख्याचा वारा लागत नव्हता म्हणून. अर्ध्या पावलाची चोरी पकडणारा माणूस होता तो, म्हणजे बघा.

हिंगोलीत जमिनीच्या मोजणीची आमची कचेरी आहे आणि तिथल्या नकाशांच्या खोलीची मी राखणदारीण. राखणदारीण म्हणजे झुरळं, वाळवी आणि अर्जदार या तिघांपासून कागद वाचवणारी. नकाशा उघडून बघत बसायची हौस मला कधीच नव्हती. गुंडाळलेला असला की नकाशा शहाण्यासारखा राहतो, उघडला की पुन्हा त्याच घडीत बसत नाही, एवढं मला कळत होतं आणि एवढ्यावर माझी नोकरी छान चालली होती.

काका आमच्याच कचेरीतून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. तीसेक वर्षं साखळी ओढत जिल्हाभर हिंडले. आखाडा बाळापूरपासून साखऱ्यापर्यंत असा बांध नाही की ज्यावर त्यांनी कुणाची शिवी खाल्ली नाही, असं तेच अभिमानानं सांगायचे. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, काही जण नातवंडांना लागतात. काका कंपनी सरकारच्या साहेबाला लागले.

हा साहेब म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी आमच्या भागाचा पहिला रेघारेघांचा नकाशा काढणारा कोणी गोरा अंमलदार. त्याच्या नकाशाची एक मोठी छायाप्रत आणि त्याच्या मोजणीच्या वहीची काही पानं काकांनी कुठल्याशा मोठ्या दफ्तराला पत्रं लिहून लिहून मिळवली होती. पत्रं इतकी लिहिली की तिथला माणूस बहुतेक कंटाळूनच देता झाला असावा.

"ताई, मुलूख निजामाचा," काका सुरू करायचे. चहा आला की ते सुरू होणारच. "साहेबाला हितलं काय ठावं? फौज कुठून न्यावी, पाणी कुठं, नाला कुठं, कायबी ठावं न्हाई. मंग त्यानं चाक केलं. एक गडी चाक ढकलून राहिला, साहेब घोड्यावर बसून दिशा लिहून राहिला. चाकाचे फेरे मोजायचे, मैल काढायचे, झाला नकाशा. आन् चाकाच्या पुढं कोण?"

"कोण?" मी विचारायची. नाही विचारलं तर ते स्वतःच विचारत आणि मग दुप्पट वेळ लागे.

"आमी!"

त्या काळी रीत अशी होती की सरकारी माणूस गावात आला की त्या गावच्या महारानं पुढं होऊन त्याला आपल्या शिवेपर्यंत पोचवायचं. शिवेच्या दगडापाशी पुढच्या गावचा महार उभा असे. तिथं पहिल्याचं काम संपलं, दुसऱ्याचं सुरू. असा साहेब हातोहात पुढं सरकायचा. काकांच्या खापरपणज्याचं काम हेच.

"आता आमी बौद्ध," काका म्हणायचे, "पण तवाच्या कागदात आमची वळख एवढीच. पर एक सांगतो, शीव कुठं सुरू व्हती आन् कुठं संपती हे पाटलाला बी आमालाच इचारावं लागायचं."

आमचं घराणं देवळातलं, पूजेअर्चेचं. मी एकदा थाटात म्हटलं, "आमच्याही पूर्वजांनी साहेबाला पाहिलं असेल की."

"व्हय तर! तुमच्यांनी नारळ देला असंल," काका म्हणाले. "वाट आमच्यांनी दाखवली."

साहेबाच्या वहीत वाटाड्यांची नावं नव्हती. घोड्याचं नाव होतं. घोड्याचं पोट बिघडल्याचं तीन ठिकाणी होतं. कुत्र्याचंही नाव होतं. पण एका पानावर, समासात, साहेबानं दोनच इंग्रजी शब्द खरडले होते आणि त्यांचा अर्थ होत होता: "वाटाड्या हट्टी." काकांनी ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवलेलं असे. "आमच्या खानदानाला भेटलेलं पयलं सरकारी प्रशस्तिपत्रक हाय हे," म्हणायचे आणि खिशावरून हात फिरवायचे.

साहेबाचं काम तपासायचं म्हणून काकांनी स्वतः चाक बनवलं. सायकलचं मागचं चाक, त्याला लांब दांडा आणि जुन्या टेपरेकॉर्डरमधला आकडे फिरणारा डबा. तीनच आकडी डबा, त्यामुळे हजारावर गेला की पुन्हा शून्यापासून. म्हणून दर शंभर फेऱ्यांना वाजेल अशी घंटी बसवली आणि घंटी वाजली की उजव्या खिशातला एक फुटाणा डाव्या खिशात टाकायचा, असा हिशेब ठेवला. पहिल्या मोहिमेत हिंगोली ते कनेरगाव नाका मोजून आले आणि जाहीर केलं की अंतर अडीच किलोमीटर भरतं. सगळे चक्रावले. मग लक्षात आलं, वाटेत भूक लागली म्हणून त्यांनी बाकीचा हिशेब खाल्ला होता. पुढच्या वेळेपासून फुटाण्यांच्या जागी चिंचोके आले.

घंटीची आणखी एक भानगड होती. ती घंटी कुल्फीवाल्याकडून घेतलेली. आता कुल्फीची घंटी गल्लीत वाजली की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. काका कपाळाला आठ्या घालून, तोंडानं आकडे म्हणत चाक ढकलत निघालेत आणि मागून बायाबापड्या वाट्या घेऊन धावताहेत, हे दृश्य निम्म्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. काका थांबले तर मोजणी बिघडणार, म्हणून मागं न बघताच ओरडायचे, "पुढल्या खेपेला आणतो! शपथ!" एकदाही आणली नाही.

घंटी बदला म्हटलं तर म्हणायचे, "दुसरी इतकी लांबून ऐकू येत न्हाई."

तर असं सगळं मजेत चाललं होतं. आणि मग आमच्या कचेरीनं जुन्या नकाशांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं.

आमचे अधिकारी तरुण, पुण्याकडचे, नवे बदलून आलेले. माणूस चांगला, पण सगळ्याला पाटी लावायची हौस भारी. माठावर "पिण्याचे पाणी", दारावर "दार". काकांचा नकाशा त्यांनी हौसेनं भिंतीच्या मधोमध लावला आणि खाली पाट्या चिकटवल्या. नकाशात एका ठिकाणी सरळ चाललेली वाट एकदम डावीकडे वळून, एका गावाला जाऊन, मोठा फुगवटा घेऊन पुन्हा मूळ वाटेवर येते. आमच्या या साहेबांनी त्या फुगवट्याखाली पाटी लावली: "येथे सर्वेक्षकाची चूक झालेली दिसते."

काका आले. चप्पल आपटली. पाटी वाचली. पावलं मोजायची विसरले. तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

"साहेब, ही पाटी काढा."

"का हो काका? सरळ रस्ता सोडून कोण एवढं फिरून जाईल? रेघ चुकलीच आहे."

"रेघ चुकली न्हाई. चाक त्याच वाटंनं गेलतं. आमच्या खापरपणज्यानं नेलं होतं."

मग त्यांनी घरात चालत आलेली गोष्ट सांगितली. त्या डावीकडच्या गावात खापरपणज्याची लेक दिलेली. ती बाळंत झाल्याचा निरोप आदल्या दिवशी आलेला आणि नेमका साहेब येऊन टपकला. शिवेच्या दगडापाशी याचं काम संपलं होतं. पुढच्या गावचा माणूस येऊन उभा होता. पण हा थांबेचना. "मीच नेतो" म्हणाला आणि डावीकडं वळला. साहेबाला वाटलं, वाट अशीच असेल. पुढच्या गावचा बिचारा माणूस मागून बोंबलत आला. घोडा, चाक, तंबूचे उंट, सगळी वरात नात बघायला गेली.

साहेबांना हसू आवरेना. मलाही. पण काका हसत नव्हते.

"तीस वर्सं नोकरी केली," ते म्हणाले, "माझ्या टिपणावर चूक हा शब्द कोणी लिहिला न्हाई. नाव तर न्हाईच त्या माणसाचं कुठं. त्याची म्हणून एक वाट तेवढी कागदावर ऱ्हायली. तिच्यावर बी तुमी चूक लिहून राहिले? काहून?"

मी उगाच नकाशावरची धूळ झटकली.

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "काका, गोष्टीवर पाटी बदलता येत नाही. पुरावा द्या. सोमवारी पाहुणे येणार, उद्घाटन होणार. त्याआधी दाखवा, मी स्वतः पाटी काढतो."

"रविवारी मोजणी," काका म्हणाले. "तुमी बी चला. ताई बी."

माझे गुडघे दुखतात हे मी तीनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

शिवेचा तो दगड अजून आहे. पुढे मूळ वाटेवरची जुनी बारवही आहे. दगडापासून गावाला जाऊन बारवेपर्यंतचं अंतर साहेबाच्या वहीत मैल-फर्लांगात लिहिलेलं. काकांनी त्याचे आपल्या चाकाचे फेरे काढले: दोन हजार तीनशे चाळीस. "एवढे भरले तर साहेबानं खरंच मोजलं. न्हाई भरले तर चूक," असं त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं. मी म्हटलं, काका, थोडी सवड ठेवा बोलण्यात. म्हणाले, "मोजणीत सवड नसती, ताई."

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं भांडखोर आहेत आणि अर्ज फार करतात.

रविवारी सकाळी निघालो. पुढे काका चाक ढकलत, मागे साहेब मोबाइलवर अंतर बघत, त्यांच्या मागे मी, हातात पिशवी, पिशवीत जेवण आणि त्या नकाशाच्या दुसऱ्या, लहान प्रतीची घडी. नाल्यात उतरलं की साहेबांच्या मोबाइलला आपण कुठे आहोत ते कळेनासं व्हायचं. तो एकदा आम्हाला वाशीमला दाखवत होता. काका वळूनही बघत नव्हते.

पहिल्याच वावरात एक शेतकरी धावत आला. चाक, दांडा, मागे शर्ट खोचलेला साहेब. त्याची खात्रीच पटली.

"रस्ता हितूनच जाऊन राहिला का साहेब? मंग ही आंब्याची धा झाडं लिहून घ्या."

साहेबांनी पाहिलं. बांधावर नुकत्याच खोचलेल्या दहा काड्या होत्या. "अहो, ह्या काड्या आहेत."

"वाढतील ना! तुमचा रस्ता व्हईपर्यंत वाढतील की!"

"रस्ता नाही हो, जुना नकाशा तपासतोय आम्ही. दोनशे वर्षांपूर्वीचा."

शेतकरी विचारात पडला. "दोनशे वर्सं झाली आन् अजून तपासूनच राहिले? मंग आंबे नक्की व्हतील," म्हणाला आणि आणखी दोन काड्या खोचल्या.

पुढे एका बकरीनं काकांच्या डाव्या खिशात तोंड घातलं. चिंचोके वाचले, रुमाल गेला. शंभराची घंटी वाजली की वस्तीवरून कोणीतरी वाटी घेऊन यायचंच. काका न थांबता "पुढल्या खेपेला!" ओरडायचे. मी मागून सगळ्यांची माफी मागत येत होते. माझ्या आयुष्यात मी इतक्या अनोळखी लोकांची माफी कधी मागितली नव्हती.

गावाच्या वेशीपाशी पोचलो. वेस म्हणजे आता दोन दगडी खांब आणि वर वाढदिवसाचा फलक. वेशीला चाक टेकवून काका वळले आणि बारवेच्या वाटेला लागले. बारवेपाशी चाक थांबलं. खिशातून चिंचोके काढले. साहेबांनी स्वतः मोजले, दोनदा. एकवीस. डब्यावर आकडा एकशे शहात्तर.

दोन हजार एकशे शहात्तर. एकशे चौसष्ट कमी.

"काका," साहेब हळूच म्हणाले, "फरक आहे."

"हाय." काका बारवेच्या पायरीवर बसले. चाक आडवं ठेवलं. खिशातलं ते पान बाहेर काढलं, बघितलं, परत आत ठेवलं. "मोजणी खोटं बोलत न्हाई. आमीच बोलत आलो असू. म्हातारी माणसं सांगायची, आमी मान डोलवायचो. पाटी राहू द्या, साहेब. बराबर हाय ती."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. या माणसानं माझं टेबल अर्धं पाऊल सरकलेलं पकडलं होतं आणि आता स्वतःची अख्खी वाट सोडून देत होता. राग कुणाचा करावा कळेना, म्हणून मी उन्हाचा केला आणि पिशवीतला नकाशा काढून वारा घ्यायला लागले.

वारा घेता घेता ती रेघ डोळ्यांपुढून वर-खाली जात होती. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदाच एखाद्या नकाशाकडे बघत होते, तेही उकडतंय म्हणून. आणि मला एक दिसलं. साहेबाची रेघ प्रत्येक गावाला लागते ती वेशीच्या खुणेपाशी. सगळीकडे. फक्त या गावात ती वेशीला शिवून पुढे जाते, गावाला पूर्वेकडून बगल देते आणि गावापासून सुट्या असलेल्या चार ठिपक्यांना जाऊन टेकते. तिथून परत फिरते.

"काका, हे ठिपके काय आहेत?"

काकांनी चष्मा पुसला. रुमाल बकरीनं नेला होता, म्हणून माझ्या पदरानं पुसला. बराच वेळ बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "हा महारवाडा हाय."

"मग?"

"मंग काय मंग! साहेब वेशीपर्यंतच जायचा. तिथं पाटील यायचा, दूध यायचं, तुमचा नारळ यायचा. महारवाड्यात चाक न्यायचं त्याला कारणच न्हाई! हितंच काहून गेलं?" आणि उठले. त्या वयात माणसं इतक्या चटकन उठत नाहीत. "एकशे चौसष्ट. जाऊन-येऊन. म्हंजी एका अंगाचे ब्याऐंशी. चला!"

पुन्हा वेशीपाशी आलो. काकांनी डबा शून्यावर आणला आणि पूर्वेच्या बगलेनं निघाले. तिथं आता पक्की घरं, पंचशील झेंडा, छोटं विहार, अशी नीटनेटकी बौद्ध वस्ती आहे. गल्लीत शिरलो तेव्हा पंचावन्न. कोपऱ्यावर सत्तर. एका दारात एक आजी तूर निवडत बसली होती. तिच्यापाशी चाक आलं तेव्हा एकोणऐंशी. तिनं वर बघितलं. आमच्या तोंडाकडे नाही, चाकाकडेच बघितलं आणि म्हणाली,

"आं? बारसं कोणाचं हाय?"

आम्ही तिघंही जागच्या जागी उभे.

"चाक घिऊन आले ना तुमी? आमच्यात तर सध्या कोणी बाळंत न्हाई."

हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या घरात बारशाला पाळण्यासमोरून एक चाक फिरवून नेतात. पूर्वी बैलगाडीचं नेत, मग सायकलचं आलं. मागच्या बारशाला जावयाच्या ऑटोची स्टेपनी फिरवली.

"का फिरवतात, आजी?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"काय की बाई. माझ्या सासूनं केलं. तिच्या सासूनं केलं. दुसऱ्या कोणात न्हाई, आमच्यातच हाय."

काकांनी चाकाचा दांडा घट्ट धरला. "आजी, मंग तुमी आमच्या सोयऱ्या," म्हणाले आणि सगळी हकीकत सांगितली. साहेब, घोडा, उंट, लेक, नात. आजीनं तूर बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमी आमच्या माहेरच्या अंगाचे," ती म्हणाली. "दोनशे वर्सांनी येऊन राहिले. आन् मोकळ्या हातानं?"

काका लाजले. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं. मग आकड्याची आठवण झाली. "पण एकोणऐंशीच भरले. तीन कुठं गेले?"

साहेब आता पुरते पाघळले होते. "काका, तीन फेऱ्यांनी काय होतं? मी पाटी बदलतो."

"न्हाई. तीन म्हंजी तीन." काकांनी दाराकडे बघितलं. "बाप लेकीच्या दारातच उभा ऱ्हाईल व्हय? लेकराला बघाया आत गेला असंल!" आणि आजीला विचारून त्यांनी चाक उंबऱ्यावरून आत घेतलं. ऐंशी. सोफ्याला वळसा. एक्क्याऐंशी. स्वयंपाकघराचं दार. ब्याऐंशी. चाक फ्रिजला जाऊन टेकलं.

"हितं," काका म्हणाले. "हितं व्हती लेकीची बाज."

"काका, हे घर दोनशे वर्षांचं नाही," साहेब म्हणाले.

"घर कशाला? जागा तीच हाय ना? जागा कुठं जाती?" आणि मोजणीदार काका, ज्यांच्या टिपणावर तीस वर्षांत कोणी चूक काढली नाही, त्या फ्रिजसमोर हात जोडून उभे राहिले. आजीला वाटलं पाणी हवंय. तिनं फ्रिज उघडून गार बाटली दिली.

परत निघालो. गल्लीच्या कोपऱ्याच्या जरा पुढे शंभरावा फेरा झाला आणि घंटी वाजली. दारं उघडली. वाट्या आल्या.

"पुढल्या खेपेला आणतो! शपथ!"

मागून आजीचा आवाज आला, "दोनशे वर्सांनी?"

वेशीवर डबा एकशे चौसष्टवर थांबला. काका म्हणाले, "आता ह्यो आकडा मिटवायचा न्हाई." चाक त्यांनी उचलूनच कचेरीत आणून नकाशाशेजारी उभं केलं.

जुनी पाटी साहेबांनी स्वतःच्या नखांनी खरवडून काढली आणि कोरी काकांपुढे ठेवली. "तुम्हीच लिहा." काकांचं अक्षर मोजणीदाराचं, बारीक आणि सरळ. त्यांनी लिहिलं: "येथे वाटाड्याची नात जन्मली होती."

सोमवारी आलेल्या पाहुण्यांनी ती पाटी मोठ्यानं वाचली, पुन्हा मनात वाचली आणि काही न कळल्यामुळे जोरात टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी काका दारापासून नकाशापर्यंतची पावलं सात वेळा मोजून आले. दर वेळी वेगळी भरली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

होळीच्या पुढच्या आठवड्यात काका गेले. सकाळी चहा ओतून खुर्चीत बसले होते, चहा तसाच राहिला. अंत्ययात्रेत मी त्यांच्यासाठी पावलं मोजायची ठरवली होती. चारशेपर्यंत मोजली. पुढं मला जमलं नाही, मी रडायला लागले.

मे महिन्यात कचेरीत एक निरोप आला. आजीकडे बारसं होतं, पणतीचं. "चाक घिऊन या," एवढाच निरोप.

सरकारी वस्तू बाहेर न्यायची तर अर्ज लागतो. मी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात "बारसे" लिहिलं. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "मीही येतो."

पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. त्रिसरण झालं, नाव ठेवलं आणि मग चाक पाळण्यासमोरून फिरवायला माझ्याच हातात दिलं. एक फेरा झाला. एकशे पासष्ट. सगळ्यांना वाटलं, झालं. मी चाक तसंच अंगणात काढलं आणि गोल ढकलायला लागले. बाया हसायला लागल्या. साहेब म्हणाले, "अहो, एकच फेरा असतो ना?" मी म्हटलं, तुम्ही मध्ये बोलू नका, आकडा चुकेल. पस्तीस फेरे! माझे गुडघे मला काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही.

दोनशेला घंटी वाजली.

गल्लीतली दारं उघडली. सवयीनं वाट्या घेऊन बाया आल्या आणि चाक बघून, कपाळावर हात मारून परत फिरायला लागल्या. "थांबा," मी ओरडले. विहाराच्या मागे मी कनेरगाव नाक्यावरून आणलेला कुल्फीवाला बसवून ठेवला होता. तो डबा घेऊन पुढे आला.

आजीला पहिली कुल्फी मी दिली. तिनं ती वाटीत घेतली, चव घेतली आणि इकडेतिकडे बघितलं. "सोयऱ्यानं शब्द पाळला म्हणायचा. पर ते कुठं ऱ्हायले? दिसून नाही राहिले."

तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, पण बारशाच्या अंगणात तो शब्द काही निघेना.

"काका पुढं गेले, आजी," मी म्हटलं.

आजीनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. मग आतल्या पाळण्याकडे एकदा बघितलं.

"वाटाड्याच ना त्यो," ती म्हणाली. "पुढंच चालणार." मग डोळे पुसून तिनं रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. "त्याच्या वाटची बी दे इकडं."